मांगं सर, पोरी!

आसगावला माझ्या शेजारी राहणारी ही बाई रोवणीला बायांची टोळी घेऊन जाते. धान रोवताना मागे मागे सरकावं लागतं. त्यामुळे पुढे पळणाऱ्या माणसावर तिचा विश्वासच नाही.

तिची पुतणी महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये बचावफळीत खेळते. पूर्वी ही लीग पंधरवड्यात उरकायची. आता उन्हाळी धानाच्या रोवणीपासून कापणीपर्यंत चालते, आणि तळाचा संघ पुढच्या हंगामाला मुकतो.

बायको गेल्यापासून माझा टीव्ही बंद होता.

"गुरुजी, कायले बंद ठेवता? पोरगी खेळून राहिली न!" म्हणत हिनेच तो लावला. मग प्रत्येक सामन्याला माझी ओसरी चिखलाच्या पायांनी भरू लागली.

शेवटचा सामना जिंकला तरच पुतणीचा संघ लीगमध्ये टिकणार होता. बरोबरी काही सुटेना. अखेरच्या कॉर्नरला पुतणी आपली जागा सोडून थेट समोरच्या गोलापाशी गेली.

"काहून गेली वो तिकडं? मांगं सर, पोरी!" ही टीव्हीवर ओरडली.

पुतणीने उडी मारली आणि डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. ओसरीत एकच कल्लोळ झाला.

थोड्या वेळाने पुतणीचा फोन आला.

"मी सांगतलं थे नाही आयकलं, बरं केलं माय," ही म्हणाली. "अन् आयक, गुरुजी बी नाचले!"

मी नाचलो नव्हतो, फक्त उठून उभा राहिलो होतो. पण मी तिची चूक दुरुस्त केली नाही.