पॅक केलेले तीन राजे

“ब्लाइंड म्हंजे पानं न बघताच पैसे लावायचे? मग कशाच्या जिवावर?” बनसोडेंनी विचारलं.

“नशिबाच्या,” मी म्हणालो.

“आमच्या लॅबमध्ये ते चालत न्हाई.”

कराडजवळच्या एका साखर कारखान्याचं गेस्ट हाऊस, रविवारची दुपार. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीच्या एका फर्मचा सेल्समन, कारखान्यांना चुना विकायचो. बनसोडे तिथले लॅब केमिस्ट. समोर पत्ते पिसत बसलेले जाधवसाहेब, परचेस ऑफिसर. बनसोडेंना तीन पत्ती शिकवायची, हे त्या दिवशीचं माझं काम होतं.

चुन्याचं सांगतो. उसाचा रस चुना घालून साफ करतात. चुना हलका असला की रस गढूळ राहतो, साखर पिवळट पडते. आमचा लॉट हलका होता, हे मला ठाऊक होतं. बनसोडे तो फेल करणार होते, रिपोर्टवर सही तेवढी बाकी होती. आमचे मॅनेजर म्हणाले, “पाकीट तो घेणार नाही. त्याला जिंकू दे. जिंकलेल्या पैशाला कुणी लाच म्हणत नाही.” जाधवसाहेबांशी आमचं आधीच जमलेलं होतं.

मी नियम सांगितले. प्रत्येकाला तीन पानं. तिन्ही सारखी आली तर ट्रेल, सगळ्यात भारी. त्याखाली सिक्वेन्स, म्हणजे सलग पानं. मग कलर, म्हणजे तिन्ही बदाम किंवा तिन्ही इस्पिक. मग जोडी. खेळायचं तर चाल द्यायची, म्हणजे पैसे टाकायचे. नसेल खेळायचं तर पॅक, पानं उपडी टाकून बाहेर. आणि पॅक केलेली पानं कुणी उलटून बघायची नाहीत. हे मी दोनदा बजावलं. नियम सगळीकडेच आहे, पण त्या दुपारी माझी सगळी मदार त्यावर होती.

जाधवसाहेब लवकर पॅक करायचे. मी चाल वाढवत न्यायचो आणि डाव तापला की पानं टाकून द्यायचो. बनसोडेंपुढं नोटा साचत गेल्या. त्यांनी त्यांना हात लावला नाही.

“मी नवशिका, अन् मीच जिंकतोय. ह्ये कसं काय?” ते म्हणाले.

“आवं, नवशिक्यालाच पानं लागतात,” जाधवसाहेब हसले. “लक्ष्मी चालून आलीय बनसोडे, तिचं पण सॅम्पल काढता का?”

“काढावं म्हणतो.”

पुढच्या डावात मी तशीच चाल वाढवली आणि पॅक केलं. बनसोडेंनी हात लांब करून माझी पानं उलटली.

तीन राजे.

याच्यावर फक्त तीन एक्के. राजांचा ट्रेल हातात घेऊन जगात कुणी पॅक करत नाही. हरायच्या नादात मी हे विसरलो होतो.

“नियम मोडला तुमी,” जाधवसाहेब म्हणाले.

“व्हय, मोडला.” बनसोडे उठले. नोटा तिथंच राहिल्या. दारातून मला म्हणाले, “पावनं, चुना फेल हाय. उद्या सही करतो.”

ती सही झालीच नाही. सोमवारी सकाळीच जाधवसाहेबांनी तक्रार केली: केमिस्ट सप्लायरच्या माणसाबरोबर पैसे लावून पत्ते खेळतो. एम.डी. साहेबांनी मला बोलावलं. बनसोडे तिथंच उभे होते.

“हे खेळले?”

“होय, साहेब.”

“जिंकले?”

“होय, साहेब.”

एवढंच विचारलं. दोन्ही उत्तरं खरी होती. बनसोडे माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही, वाट बघितल्यासारखे. मी कशाला हरलो आणि नोटा कुठं राहिल्या, हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी टेबलावरच्या काचेकडं बघत बसलो.

त्यांना लॅबमधून काढून ऊस मोजायच्या काट्यावर बसवलं. आमचा लॉट पास झाला. त्या सीझनला तिथली साखर पिवळी निघाली आणि मला प्रमोशन मिळालं. ट्रॅक्टरच्या धुरळ्यात वजनाच्या पावत्या फाडताना बनसोडे एकदा दिसले. “बरं हाय न्हवं?” एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी पत्त्याला हात लावला नाही. पण नियम पक्के लक्षात आहेत. पॅक केलेली पानं उलटायची नाहीत, हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी ते मोडलं. मी पाळलं.