आतोबांचं तैलचित्र

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फोरमन होते. हसणं ही कामचुकार माणसांची सवय आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. घरीही ते फोरमनच असत. आत्याने चहा आणला की कपाकडे असे बघायचे, जणू कच्चा माल तपासणीला आलाय.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ते निवृत्त झाले. कामगारांना इतका आनंद झाला की शाल-नारळावर भागेना. त्यांनी साहेबांचं तैलचित्र करून घ्यायचं ठरवलं. उल्हासनगरात थेटरांचे बॅनर रंगवणारा एक सिंधी पेंटर होता. त्याच्याकडे साहेबांचा पासपोर्ट फोटो पोचला. त्या बिचाऱ्याने उभ्या जन्मात नायकच रंगवले होते. त्याच हाताने त्याने आतोबाही रंगवले.

मी तेव्हा कॉलेजात होतो. शाळेत चित्रकलेच्या दोन परीक्षा पास झाल्यामुळे कलेतलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी समजूत होती. चित्र रिक्षातून आत्याच्या खरवईतल्या घरी आलं, तेव्हा मी हसायच्या तयारीनेच तिथे बसलो होतो.

आत्याने वरचा कागद फाडला आणि ती तशीच उभी राहिली. गाल गुलाबी होते. गेली कित्येक वर्षं डोक्यावर नसलेले केस परत आले होते. एवढं मी लगेच हेरलं. मग माझी नजर डोळ्यांवर गेली आणि तिथेच राहिली. तपकिरी सावलीतले ते डोळे ओलसर होते, थकलेले होते आणि फार मायाळू होते. ओठांच्या कडेला हसू नुकतंच यायला लागलं होतं. हा माणूस आता आत्याला विचारील, 'तू जेवलीस का?' असं वाटत होतं. मारायला म्हणून तयार ठेवलेला शेरा मी विसरूनच गेलो.

आत्या पदराने डोळे पुसत होती.

"रडायला काय झालं?" आतोबांनी विचारलं.

"अहो, किती सुंदर आहे हो!"

"नाक चुकलंय," आतोबा म्हणाले आणि पेपर वाचायला बसले.

चित्र हॉलमध्ये लागलं. आत्या रोज त्याची धूळ पुसायची, त्याच्यासमोर बसून तांदूळ निवडायची. एकदा तिने हौसेने त्याला मोगऱ्याचा हार घातला. घोटाळा इथेच झाला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी उघड्या दारातून तो हार पाहिला आणि घरी जाऊन त्या पांढरी साडी नेसून आल्या. दारात त्यांना बनियनवर उभे असलेले आतोबा भेटले.

"कोण गेलं?" आतोबांनी काळजीने विचारलं.

काकू तशाच मागे वळून जिना उतरल्या.

त्या दिवशी आतोबांनी फर्मान काढलं, "हे चित्र दुरुस्त करायचं. ते हसू आधी पुसून टाकायचं." रविवारी ते, मी आणि चित्र उल्हासनगरला निघालो. आत्या न बोलावता रिक्षात बसली आणि चित्र तिने मांडीवर घेतलं.

पेंटर शिडीवर चढून एका खलनायकाच्या भुवया रंगवत होता. तक्रार ऐकून तो खाली उतरला. "साब, हसू पुसायला टाइम नाय लागत. पण मग चित्रात राहणार काय?"

"मी राहीन!" आतोबा ओरडले.

पेंटरने ब्रश उचलला. आत्या पेंटर आणि चित्राच्या मध्ये उभी राहिली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्यासमोर आवाज चढवल्याचं मला तरी माहीत नव्हतं. "याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "बदलायचंच असेल तर यांना बदला."

पेंटर खो खो हसला. आतोबांचे कान लाल झाले. ते तडक बाहेर जाऊन रिक्षात बसले. परतीच्या वाटेवर चित्र पुन्हा आत्याच्या मांडीवर होतं. खड्डा आला की ती रिक्षावाल्याला म्हणायची, "सावकाश हो भाऊ."

पुढे आतोबांनी आपली खुर्ची चित्राकडे पाठ करून ठेवली. त्याने प्रकरण आणखी बिघडलं, कारण समोर बसलेल्या पाहुण्याला आता दोन्ही चेहरे एकावर एक दिसायचे आणि तुलना करायला मान वळवावी लागायची नाही.

नंतर एका दुपारी मी गेलो तेव्हा आत्या भाजी आणायला गेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आतोबा चष्मा लावून चित्रासमोर उभे होते, अगदी जवळ, हात मागे बांधून. मी आल्याचं त्यांना कळलं असावं, पण ते वळले नाहीत.

"डोळे बरे काढलेत गाढवाने," ते हळूच म्हणाले.

मी म्हटलं, "हो."

मग मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.