अथेन्ससाठी अकरा नावं

नाणेफेकीचं नाणं आमचे मास्तर आधी दाताखाली धरून बघायचे. ठाण्यातल्या इंग्रजी शाळेत शिकवायचे, आमच्या क्रिकेट क्लबाचे कप्तान होते, पण विश्वास म्हणून मेला कुणावर नाही! खेळपट्टी स्वतः दोरीनं मोजायची, पंच कुणाचा मेहुणाबिहुणा आहे का याची चौकशी करायची, समोरच्यांनी दिलेलं सरबत आधी त्यांनाच प्यायला लावायचं. कुणी गोड बोललं की आमच्या कानाशी पुटपुटत, "हसतोय म्हणजे काहीतरी शिजतंय."

१८९५ साली एकदा मुंबईच्या पेपरात आलं, ग्रीस देशी अथेन्सला सगळ्या देशांच्या खेळांचा मेळा भरणार आणि त्यात क्रिकेटही आहे. संघांनी नावं कळवावीत. आमचा गोलंदाज इनास, कोलशेतचा ख्रिस्ती कोळी, नुसता वेडा झाला. मुंबईचे बडे क्लब त्याला दारात उभं करत नसत, आणि इथे अख्खं जग बोलावत होतं.

"मास्तर, माजा नाव लिवा! पयला लिवा!"

"कोण बोलावतंय? कशाला? ग्रीक माणसानं बॅट धरलेली कुणी पाहिलीय का?" मास्तर गुरगुरले. तरी अर्ज लिहिला त्यांनी. इनास रोज होडी लावली की यायचा. "उत्तर आला?" मास्तर नुसती मान हलवायचे. विकेटच्या मागे उभं राहून माझी नजर चांगली तयार झाली होती, पण त्या मान हलवण्यात काही दडलंय हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मग पेपरात दोन ओळी आल्या. पुरेशी नावं न आल्यामुळे क्रिकेट रद्द.

"आपली अकरा व्हती ना!" इनास म्हणाला.

मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. लाखेचा शिक्का तसाच होता. "टाकलंच नाही मी. कुणाची थट्टा असेल, वाटलं. तुझं हसं झालं असतं रे."

असा संतापलो मी! पोरावर एवढी माया, आणि एक पत्र पेटीत टाकवू नये?

इनासला वाचता येत नव्हतं. शिक्का फोडून त्यानं कागद माझ्यापुढे धरला. "माजा नाव कुठं हाय?" मी दाखवलं. पहिलंच होतं. कागद टोपीत खोचून तो खाडीकडे निघून गेला. पुन्हा त्यानं आमच्यासाठी चेंडू हातात धरला नाही.

पुढे मास्तरांची कल्याणला बदली झाली. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. "इनासनं मला माफ केलं असेल का रे?" त्यांनी विचारलं.

इनासनं तोवर त्यांचं नाव घेणंही टाकलं होतं. "केव्हाच केलं," मी म्हणालो.

"बरं झालं," असं म्हणून मास्तर निर्धास्तपणे गाडीत बसले. जन्मात एकदाच त्यांनी कुणाचं बोलणं तपासून घेतलं नाही, आणि नेमकं तेच खोटं होतं.