चढावर मरणारी गाडी आणि बहिरे काका

माझी मोटारसायकल माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, आणि हट्टात माझ्याच वळणावर गेलेली. सपाटीवर सुतासारखी चालायची. चढ लागला की गचके, सायलेन्सरमधून फटफट, इंजिन तव्यासारखं तापायचं आणि अर्ध्या वाटेत जीव सोडायची. मी फिरती नर्स. वरच्या वस्तीतल्या एका सुताराच्या पायाला साखरेच्या आजाराची जखम होती, दिवसाआड पट्टी बदलायची. पाच दिवस मी पोचलेच नव्हते. हयगय झाली तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तीन मेकॅनिक झाले. प्रत्येकानं कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, ठिणगीचं टायमिंग बघितलं, गाडी जागेवरच सुरू करून कान दिला आणि म्हणाला, "ताई, झकास चालतेय." तिसऱ्याला मी म्हटलं, "मग तूच बस तिच्यावर आणि चढव."

चौथे निघाले ठार बहिरे. चाळीस वर्षं इंजिनांपाशी काढून कान गेलेले, सगळे त्यांना नुसतं काका म्हणायचे. माझं डोकंच फिरलं. ज्याला इंजिन ऐकू येत नाही, तो काय डोंबल दुरुस्त करणार? दारात बटण शिवत बसलेल्या काकू म्हणाल्या, "सावकाश बोल, ओठ वाचतात ते. आणि वाकडं केलेलं तोंडही दिसतं त्यांना." मी वरमले.

काकांनी गाडी सुरू करायला लावली. एक तळहात टाकीवर ठेवला, दुसरा सायलेन्सरच्या तोंडापाशी धरला आणि मानेनंच खुणावलं. मी ॲक्सिलरेटर पिळला. त्यांनी डोळे मिटले. मिनिटभर तो माणूस तसाच उभा होता, आणि का कोण जाणे, माझा राग कुठल्या कुठे गेला.

"ठिणगी उशिरा पडतेय," ते म्हणाले. "हळू असताना बरोबर. पळायला लागली की उशीर."

त्यांनी कव्हर उघडलं. आत स्प्रिंगला धरलेली दोन छोटी वजनं होती. इंजिनाचा वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि ठिणगी लवकर पाडतात. जुन्या ग्रीसनं ती जाम झाली होती. तिघांनी टायमिंग हळू चालत्या इंजिनावर बघितलं होतं, आणि तिथं ते बरोबरच होतं.

"आवाज गोड लागला की माणूस पुढं बघत नाही," काका म्हणाले. "कान होते तेव्हा मीही फसायचो."

वजनं धुऊन मोकळी केल्यावर त्यांनी पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांच्या, फटीत पातळ कागद अडकवला आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवलं. पॉइंट उघडतात तिथंच ठिणगी. कागद बोटांत अलगद सुटला, आणि इंजिनाच्या चाकावरची खूण नेमकी रेघेसमोर होती. वीस वर्षं मी लोकांच्या नाड्या बघतेय, पण असा हात पाहिला नव्हता. मी थक्क होऊन बघत राहिले.

गाडी घेऊन चढाला लागले. जिथं ती नेहमी मान टाकायची, ते वळण आलं आणि मागं पडलं.

सुतार पाय उशीवर ठेवून दाराकडं तोंड करून बसला होता. "पाच दिवस असेच बसलेत," त्याची बायको म्हणाली. मी पट्टी सोडली. कडा लाल होत्या, पण तळाशी गुलाबी मांस धरलं होतं.

"पाय राहील," मी म्हटलं.

सुतारानं खाली वाकून पायाची बोटं एकेक करून हलवून बघितली.