फुकटची सुई

त्या दुष्काळात आम्ही जळकोटला राहत होतो. मला सातवा महिना होता आणि सगळीकडे स्वाइन फ्लूची साथ पसरली होती. सरकारी दवाखान्यात गरोदर बायांना त्याची लस मोफत मिळते असं कळलं, तशी मी निघाले. सासूबाई उंबऱ्यातच आडव्या आल्या.

"सरकारवाले नवा जिल्हा देतो म्हणले, दिला न्हाई. पाणी देतो म्हणले, टँकर येईना. अन् सुई तेवढी फुकट? ह्यात कायतरी हाय."

तरी मी जाऊन लस घेतली. संध्याकाळी दंड ठणकू लागला, अंग कसकसलं. "बघ, रोगच घातला की न्हाई?" म्हणत त्यांनी माझं ताट वेगळं काढलं. सकाळी टँकरवर बायांनी आपल्या घागरी माझ्यापासून दूर सरकवल्या. मग माझ्याही मनात शंका शिरली. मी परत दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लसीनं फ्लू होत नाही. कणकण येते, जाते. हात मात्र साबणानं धुवा."

"प्यायला न्हाई अन् हात धुवा म्हणे," सासूबाई घरी पुटपुटल्या. पण हात धुताना खाली घमेलं धरायला त्यांनीच लावलं. ते पाणी अंगणात शिंपायला होई.

कणकण गेली. पुढं मुलगी सुखरूप झाली. नंतर सासूबाईंना साखरेचा आजार असल्यामुळं डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही लस सांगितली. त्या आल्या, पण नर्सला म्हणाल्या, "बाई, शिशी माझ्यासमोर फोडा."

सुई टोचेपर्यंत त्यांची नजर शिशीवरून हलली नाही.