आजरेकर सरांना इथे ओळखतं कोण?

पडदा वर जातो. ठिकाण: सिंगापूर, पाया लेबारच्या मागच्या अंगाला आमच्या ब्लॉकचा व्हॉइड डेक, म्हणजे तळमजल्यावरची खांबाखांबांमधली मोकळी जागा. वेळ: सकाळचे साडेअकरा. डावीकडे टपालपेट्यांची भिंत, उजवीकडे साखळ्या लावलेल्या सायकली, मध्यभागी गोल दगडी टेबल. टेबलाशी मी, पुढ्यात मटारच्या शेंगा. उजेड चारी बाजूंनी सारखाच, सपाट. आमच्या काळी कुणी असा उजेड दिला असता तर मी मेकअप पुसून घरी गेले असते.

आणि या प्रवेशात ज्यांचं काही काम नाही, असे आजरेकर सर आत येतात.

चाळीस वर्षं नाटकात काढली की एक खोड जडते. कुणी चुकीच्या वेळी रंगमंचावर आलं की मी आधी घड्याळ बघते. निशिकांत आजरेकर यायचे ते संध्याकाळी पाचला. बगलेत वह्यांचा गठ्ठा, हातात लाल पेन. शाळा रस्त्यापलीकडे दहा मिनिटांवर आणि राहणं याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर, भाड्याच्या खोलीत. खोलीत टेबल मावत नाही म्हणून वह्या तपासायला खाली यायचे. मीही लेक बँकेतून येईपर्यंत खालीच बसायची. तिचं ऑफिस तांजोंग पगारला, यायला सात वाजतात. अशी तीन वर्षं आमची रोजची संध्याकाळची जोडी. ते मला मावशी म्हणतात. पहिल्या दिवशी मी ऐटीत सांगितलं होतं, "तुमच्या गडहिंग्लजात मी सात प्रयोग केलेत." तर म्हणाले, "असतील हो मावशी. मी तेव्हा चौथीत. आई नाटकाला सोडायची न्हाई. म्हणायची, बिघडशील." तिथेच आमची दोस्ती झाली.

पण आज वह्या नाहीत, पेन नाही. कडक इस्त्रीचा शर्ट आहे आणि खिशात सारखा थरथरणारा फोन.

"काय हो, शाळेला सुट्टी?"

"सुट्टी उद्या. आज शिक्षक दिनाचा कार्यक्रम झाला. पोरांनी गाणी म्हटली. संपलं." ते समोर बसले आणि न विचारता शेंगा सोलायला लागले. "शेजारच्या टेबलावरच्या मिसेस कोहना सांगितलं, डोकं दुखतंय."

"दुखतंय?"

"न्हाई."

फोन पुन्हा थरथरला. यंदा दोन्हीकडचे दिवस जुळून आले होते. भारतात पाच सप्टेंबर, आणि इथे शिक्षक दिनाची आदली सकाळ. "गडहिंग्लजची पोरं," ते म्हणाले. "सकाळपासून बावीस फोन. एक एस.टी.त कंडक्टर आहे, एक तहसील ऑफिसात, एकानं तर ट्रॅक्टरवर बसून व्हिडिओ कॉल केला. 'सर, आशीर्वाद द्या.' म्हटलं, आधी गिअर तरी न्यूट्रलला टाक."

"मग हसताय का नाही?"

त्यांनी एक शेंग उघडली, दाणे मोजल्यासारखे बघितले आणि वाटीत टाकले. मी पुढची शेंग उचलली. समोरच्याचा विराम आपण खायचा नसतो, एवढं मला येतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तीन वर्षांत कळलं नव्हतं.

या देशात म्हणे एक रीत आहे. शिक्षक दिनाच्या आदल्या दिवशी शाळा लवकर सुटते, आणि मोठ्या शाळेत गेलेली मुलं आपापल्या जुन्या प्राथमिक शाळेत येतात. कुणी सांगत नाही, पत्र काढत नाही. नवे गणवेश घालून, बसने, एमआरटीने म्हणजे मेट्रोने, घोळक्याने येतात आणि आपल्या जुन्या शिक्षकांना शोधतात. स्टाफरूमच्या दाराशी गर्दी. कार्डं, केक, फोटो.

"मी पहिल्या वर्षी बघतच राहिलो, मावशी. मिसेस कोहना भेटायला तीसेक पोरं. त्यांना दिसतपण नव्हतं कोण कुठून हाक मारतंय. मी म्हटलं, हे बेस आहे. आपली पहिली बॅच सहावी होऊन जाईल, मग पुढच्या वर्षी येतील की आपल्याकडं."

"मग?"

"मग पुढच्या वर्षी लिटल इंडियातनं काजूकतली आणली. बसलो. फाटक बंद होईपर्यंत. दारात कुणी आलं की मी उठायचो. शेजारच्यांचं असायचं."

माझा हात थांबला. मागच्या सप्टेंबरात एका संध्याकाळी ते काजूकतलीचा डबा घेऊन आले होते. "शाळेत उरली मावशी, घ्या." मी घेतली, लेकीने खाल्ली, जावयाने खाल्ली. उरली म्हणाले होते, पण डब्याचा दोराही सुटलेला नव्हता. तेव्हा लक्षात आलं नाही. नजर कमी झाली असावी.

"यंदा पुन्हा तसं बसवलं नसतं," सर म्हणाले. "म्हणून आलो."

एवढंच असतं तर मी त्यांना चहा पाजून वर पाठवलं असतं. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट ठरायची होती. गडहिंग्लजच्या संस्थेतून ते तीन वर्षांच्या बिनपगारी रजेवर आले होते. रजा डिसेंबरात संपत होती. संस्थेचं पत्र आलं होतं: हजर होणार की राजीनामा, पाच सप्टेंबरपर्यंत लेखी कळवा. इकडच्या शाळेने आणखी तीन वर्षं देऊ केली होती. राहिले तर तिकडे शिवणाचे वर्ग घेणाऱ्या बायकोला, सविताताईंना, इकडे आणायचं, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळायचा. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला, तिची अडचण नव्हती. महिनाभर सर हो-नाही करत होते. शेवटी आठ दिवसांपूर्वी 'हजर होतो' असं सही करून पत्र सविताताईंकडे पाठवलं. त्या आज अकराला संस्थेत नेऊन देणार होत्या. म्हणजे आपल्या घड्याळात दीड.

"तिचं म्हणणं चुकीचं न्हाई," सर म्हणाले. "ती म्हणते, 'इथं दसरा चौकात गेलासा तर चहावाला उठून उभा राहतोय. तिकडं तुम्हाला ओळखतंय कोण?' मी काय सांगणार? लिफ्टमधला शेजारी? तो मला धवल म्हणतो. धवल माझ्या आधी त्या खोलीत राहायचा."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. पण मला मनातून उत्सुकता वाटत होती. वाईट शिकवत असतील असं मला वाटेना. एकेका वहीवर दहा-दहा मिनिटं घालवणारा माणूस मी रोज बघत होते. मग मुलं का येत नसतील? विचारलं, "जमलं नव्हतं का हो त्या पहिल्या वर्गाशी?"

"जमलं म्हणजे... त्यांनीच मला शिकवलं की." आणि इथे सरांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "पहिलाच तास. गणित काय, तर अलीकडं बेनच्या तिप्पट गोट्या, दोघांच्या मिळून अठ्ठेचाळीस. मी अठरा वर्षांच्या सवयीनं फळ्यावर लिहिलं, बेनच्या गोट्या एक्स मानू. वर्ग चिडीचूप. मागनं एक मुलगी, हुई शान नावाची, कधी तोंड न उघडणारी, हात वर करून म्हणते, 'चर, हा एक्स कोण?'"

इथली पोरं 'टीचर'चा सुरुवातीचा भाग गिळून नुसतं 'चर' म्हणतात.

"सगळा वर्ग हसला. एक्स ठाऊकच नव्हता. इथं लहान पोरं चौकोन काढतात. बेनचा एक चौकोन, अलीचे तीन. चार चौकोनांत अठ्ठेचाळीस, तर एकात बारा. झालं! मी म्हटलं, आयला. मधल्या सुट्टीत त्या हुई शानला गाठलं. माझ्याकडं गडहिंग्लजची लाकडी पट्टी आहे, ती घेऊन ती मला चौकोन काढून दाखवायची. मी चुकलो की पट्टीनं टेबल वाजवायची. महिनाभर! बदल्यात मी तिला म्हणायचो, काढलंस ते आता तोंडानं सांग. तिला इंग्रजी बोलायची भीती होती. हळूहळू बोलायला लागली. शाळा सोडून जाताना माझ्या पट्टीची दोन्ही टोकं तिनं लाल रंगवली. म्हणाली, हरवायला नको."

"आणि ती पण आली नाही?"

"ती पण न्हाई."

पुन्हा फोन थरथरला. सरांनी न बघता उचलला. "बोल बाळ, सुखी रहा..." आणि एकदम ताठ झाले. भाषा बदलली. "यस, मिसेस कोह. नो, नो, आय अॅम... डाउनस्टेअर्स."

पलीकडून बाई ठणठणीत आवाजात बोलत होत्या. मला समजलं ते असं: डोकेदुखी पुरे, आजरेकर. इथे एक मुलगी तुमची पट्टी हातात घेऊन उभी आहे. मी सांगितलं घरी गेले, तर निघायला तयार नाही. एक वाजता फाटक बंद होतं. या.

सर उठले. बसले. परत उठले.

"मावशी, तुम्ही येता?"

"मी काय करू तिथे?"

"न्हाई, नुसत्या या."

पहिल्या प्रयोगाच्या आधी विंगेत थंड पडलेले हात मी खूप पाहिलेत. मटार तिथेच टाकले आणि निघाले. दहा मिनिटांचा रस्ता माझ्या गुडघ्यांना वीस मिनिटांचा, पण सर सिग्नलला उभे राहिले की मी त्यांना गाठत होते.

पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. रखवालदार अंकल फाटक लावून मोकळे झाले होते आणि मुलं बाहेरच्या बसस्टॉपवर पांगली होती. गर्दीत एक उंच, चष्म्याची मुलगी, पिनाफोरचा, म्हणजे बिनबाह्यांच्या झग्याचा नवा गणवेश, पाठीवर सॅक, हातात दोन्ही टोकं लाल असलेली लाकडी पट्टी. तिने सरांना बघितलं आणि किंचाळली, "चर! यू स्टिल हिअर आह?"

सर, तुम्ही अजून इथेच?

सर तिच्याजवळ पोचेपर्यंत तीच भडाभडा बोलत सुटली. अर्धं इंग्रजी, अर्धं सिंगापूरचं. पण भाषा कळायची गरज नव्हती, आणि जे अडलं ते सरांनी मला नंतर सांगितलं. मागच्या वर्षी पाच जणांनी यायचं ठरवलं होतं. मग कुणीतरी म्हणालं, कशाला, बाहेरून आलेले शिक्षक दोन वर्षांत परत जातात. सायन्सचे गेले, पीईचे, म्हणजे खेळाचे गेले. हेही गेले असणार. उगाच जाऊन रिकामी खुर्ची कशाला बघायची? म्हणून आलेच नाहीत. यंदा ती फक्त मिसेस कोहना भेटायला आली होती. त्यांच्या शेजारच्या टेबलावर पट्टी दिसली.

"आय सी द रूलर, आय नो लाह!"

तिने सगळ्या भेटी आत वाटून टाकल्या होत्या. सरांसाठी काही नव्हतं. तिने सॅकच्या खिशात हात घातला, शेवंतीच्या थंड चहाचं, स्ट्रॉ चिकटवलेलं एक न फोडलेलं पाकीट काढलं, थोडी ओशाळली, आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं. इथे मानाने द्यायचं ते दोन हातांनी देतात. सरांनीही दोन्ही हातांनी घेतलं. मग तिने पट्टी दिली, तीही दोन हातांनी.

मग डोकं वाकडं करून विचारलं, "नेक्स्ट इयर, यू हिअर ऑर नॉट? आय टेल द अदर्स."

मी सरांकडे पाहिलं. मनगटावरच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं. गडहिंग्लजला सविताताई साडी नेसून, पत्र पर्समध्ये टाकून निघायच्या बेतात असणार. इथे प्रॉम्प्टर नव्हता. मीही वाक्य सुचवणार नव्हते. सर म्हणाले,

"कम बिफोर वन. आफ्टर दॅट गेट इज क्लोज्ड."

एकच्या आत या. एवढंच. ती "ओके, चर!" म्हणाली, बस आली, ती चढली, खिडकीतून हात केला आणि गेली.

सर पट्टी बगलेत, पाकीट हातात घेऊन उभे. मग स्वतःच्याच तोंडावर विश्वास नसल्यासारखं मला म्हणाले, "मावशी, मी काय बोललो?"

"बोललात ते बोललात. आता फोन लावा. दहा मिनिटं आहेत."

सविताताईंचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. स्पीकर लावायची गरजच नव्हती. अख्ख्या बसस्टॉपला ऐकू जात होता.

"काय ओ? मी रिक्षात बसलेय. संस्थेतच निघाले."

"रिक्षा वळव."

"ऑ?"

"पत्र देऊ नको. दुसरं पाठवतो. राजीनाम्याचं."

"डोकं फिरलंय का तुमचं? काल तर..."

"सविता, तू विचारतेस न्हवं, तिकडं कोण ओळखतंय? एकजण ओळखतंय. पट्टीवरनं ओळखलं."

मला वाटलं, आता रडणार, नाहीतर भांडणार. तीस बायकांना शिवण शिकवणाऱ्या बाईचं घर, गल्ली, शिलाई मशीन, सगळं एका वाक्यात हलवायला निघाला होता हा माणूस. मग तिने रिक्षावाल्याला सांगितलं, "दादा, जरा बाजूला घ्या ओ," आणि आवाज प्रथमच खाली आला.

"तुमचं ठीक आहे. मी आले तर मला तिथं कोण ओळखणार?"

सरांनी शेवंतीच्या चहाला स्ट्रॉ टोचली, एक घोट घेतला आणि म्हणाले, "सध्या मी ओळखतो. तिथनं सुरुवात करू."