भोंगा वाजला की

दुपारी जेवताना लांबून जवाहरनगरच्या फॅक्टरीचा भोंगा ऐकू आला आणि भोजराजांचे दोन्ही हात ताटावरून उचलले गेले. खांद्याच्या उंचीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. भोंगा विरला तसे ते पुन्हा भाताकडे वळले, जणू मधे काही झालंच नव्हतं. मोना, त्यांची सून, वरणाची वाटी धरून समोर उभी होती. लग्न होऊन शहापूरला येऊन तिला बरीच वर्षं झाली होती. हे दृश्य तिच्या डोळ्यांसमोर कितीतरी वेळा घडून गेलं असेल, पण दिसणं आणि कळणं यांच्यात कधी कधी वर्षं पडलेली असतात.

"आत्याबाई, मामाजी असे हात काहून उचलतात?"

देवकाबाई, तिची सासू, चुलीपाशी बसून हसल्या. "तुले आत्ता दिसलं? मी तं लग्न झालं तवापासून पाहून राहिली. मंगेश तान्हा होता, यायच्या मांडीवर. भोंगा वाजला अन् यायनं हात सोडले. पोरगं गडगडत गोधडीवर. तवापासूनच तो असा हाय."

भोजराज खाली मान घालून जेवत होते. "फॅक्टरीत सेक्शनमधी पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "भोंगा वाजला का हात मशीनवरून काढाचे. विचार कराचा नाही. विचार करणाऱ्याचाच हात मशीनमधी राह्यते."

मोनानं वाटी खाली ठेवली. तिला कवडूभाऊंच्या बांधीतली शर्यत आठवली, आणि एवढे दिवस सगळे ज्याला म्हातारपण म्हणत होते ते काय आहे, हे तिला समजलं.

कवडूभाऊ हे गावातलेच शेतकरी. धानाची चुरणी-मळणी आटोपली, भाताची खाचरं म्हणजे बांध्या कोरड्या पडल्या, की ते आपली एक मोठी बांधी रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीसाठी मोकळी करतात. तणशीचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, भारे वळणावर लावतात, शेताच्या कडेची, धुऱ्याची माती उड्यांसाठी रचतात. चालवणारे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे राहतात, म्हणजे सगळा ट्रॅक वरून दिसतो. भंडाऱ्याची, जवाहरनगर क्वार्टरमधली, कधी नागपूरचीही पोरं येतात. आणि त्या पोरांच्या रांगेत, गळ्यातल्या पट्ट्याला रिमोट अडकवून, पांढऱ्या केसांचे भोजराज उभे असतात.

गाडी खरं तर मोनाच्या नवऱ्याची, मंगेशची. त्याचं भंडाऱ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथेच कुणाकडून तरी त्यानं ती जुनी घेतली होती. चार उड्यांत तिचा पुढचा, चाक धरणारा हात मोडला आणि गाडी कपाटावर गेली. भोजराज तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. सकाळी फॅक्टरीच्या बसच्या वेळेला उठायचे, अंघोळ करून, कपडे घालून ओसरीवर बसायचे, आणि बस निघून गेल्यावर काय करायचं ते त्यांना कळायचं नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या वेळेत राहिलेल्या माणसाला स्वतःचा वेळ रिकाम्या घरासारखा अंगावर येतो. ते बोलेनासे झाले होते. एका दुपारी त्यांनी कपाटावरची गाडी खाली काढली, एकेक स्क्रू खोलून कागदावर ओळीनं मांडला, आणि संध्याकाळी देवकाबाईंना हाक मारून म्हणाले, "इकडे ये, तुले एक गोष्ट दाखवतो."

ती गोष्ट म्हणजे डिफरन्शियल. मागच्या दोन चाकांच्या मधली, मुठीएवढीही नसलेली डबी. "खळ्यात धान चुरताना आतला बैल हळू चालते, बाहेरच्याले धावा लागते. दोघायले सारखंच चालवलं तं जोडी अडते. तसंच हे. वळणावर बाहेरच्या चाकाले जास्त पळू देते." देवकाबाईंनी ती डबी उलटसुलट करून पाहिली. "मंग आपल्या घरी आतला बैल मीच," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरात नवे शब्द आले आणि पाहुण्यांसारखे न राहता घरचेच होऊन बसले. चाकं वरून आत झुकलेली असणं म्हणजे कॅम्बर. चाकांची तोंडं किंचित एकमेकांकडे वळलेली असणं म्हणजे टो-इन. गाडीतल्या रिसीव्हरला नेमक्या एकाच रिमोटची ओळख पटवून देणं म्हणजे बाइंड करणं. हा शब्द कळल्यावर देवकाबाई म्हणाल्या, "लगनच म्हणा ना. एकदा गाठ बांधली का दुसऱ्याचं आयकाचं नाही." "लगनात तरी कोण आयकते," भोजराज म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांनी केलेला तो पहिला विनोद होता.

पण त्यांचा सगळ्यात लाडका शब्द फेलसेफ. चालत्या गाडीचा रिमोटशी संपर्क तुटला तर गाडीनं आपल्या आपण ब्रेक लावून थांबायचं, ही ती सोय. शर्यतीआधी ते प्रत्येक पोराकडे जायचे, गाडी हातात उचलून धरायचे आणि रिमोट बंद करायला लावायचे. चाकं थांबली तर मान हलवायची, नाही थांबली तर गाडी खाली ठेवू द्यायची नाही. पोरं कुरकुरायची, पण थांबायची. मोनाला हे पाहायला फार आवडायचं. दुसऱ्याच्या यंत्रात स्वतःचा जीव असल्यासारखं वागणारी माणसं तिनं फार पाहिली नव्हती.

रिमोटच्या इवल्याशा स्क्रीनवरची अक्षरं मामाजींना दिसत नसत, म्हणून सेटिंग मोना करायची. असं ती त्यांच्या गाडीची अर्धी मिस्त्री झाली. सिहोऱ्याहून तिची आई आली होती तेव्हा सून सासऱ्याच्या बाजूला मांडी घालून चाकं बसवते आहे हे पाहून ती दारातच थबकली होती.

शर्यत मात्र सुरू व्हायची ती कवडूभाऊंच्या भोंग्यानं. हातात धरायचा, सायरनचं बटण असलेला लाउडस्पीकर. बटण दाबलं की बांधीभर आवाज घुमायचा, दहा गाड्या धूळ उडवत सुटायच्या, आणि अकरावी जागीच उभी. ट्रॉलीवर भोजराजांचे दोन्ही हात वर, रिमोट छातीवर लोंबकळतो आहे. मग हात खाली यायचे आणि गाडी निघायची, एकटी, सगळ्यांच्या धुळीत. पुढे ते इतकं नितळ चालवायचे की तीन-चार जणांना गाठायचेच. पण लोकांना लक्षात राहायचे ते वर गेलेले हात. क्वार्टरमधल्या पोरांनी तर त्यांची नक्कलही सुरू केली होती.

हे मंगेशला लागत होतं. त्यानं बापाला सांगून टाकलं होतं. "बाबा, या रविवारी बी स्टार्टले तसंच झालं तं रिमोट माह्याकडे द्याचा. तुमी गाडी बनवा, मी चालवतो. लोक हासून राहिले तुमाले."

"बरं," भोजराज म्हणाले होते. एवढंच. पण त्या संध्याकाळी ते पुन्हा ओसरीवर जाऊन बसले, पूर्वीच्याच जागी.

आता भोंग्याचं कोडं सुटल्यावर तिनं मंगेशला ते सांगितलं. "मंग तं ते कधीच जाणार नाही," तो म्हणाला. "सवय असती तं मोडली असती. हे तं हाडात हाय."

मोना रात्रभर त्यावर विचार करत राहिली, आणि सकाळी तिला ट्रिम आठवली. रिमोटवरचं बोट काढलेलं असताना गाडीनं कुठे असायचं हे ठरवणारं बारीक बटण म्हणजे ट्रिम. थ्रॉटलची, म्हणजे वेगाच्या खटक्याची, ट्रिम वर सरकवून ठेवली तर बोट काढल्यावरही गाडी चालत राहील. मामाजींनी सुरुवातीला ब्रेक दाबून धरायचा. भोंगा वाजेल, हात वर जातील, ब्रेक सुटेल, आणि गाडी आपोआप सगळ्यांच्या बरोबर निघेल. जे हात आडवे येतात तेच गाडी सोडतील. तिला स्वतःचाच अभिमान वाटला. रविवारी मोहाच्या झाडाखाली गाडी तयार करताना तिनं न बोलता ट्रिम वर सरकवली.

भोजराजांनी सवयीप्रमाणे गाडी उचलून धरली आणि थ्रॉटलवरचं बोट काढलं. चाकं फिरतच राहिली.

ते त्या चाकांकडे पाहत राहिले. "हे कोनं केलं?"

"मी केलं, मामाजी." मग तिनं सगळं सांगितलं. भोंगा, ताट, ब्रेक, सगळं.

भोजराज रागावले नाहीत. गाडी मांडीवर घेऊन बसले. "डोकं चांगलं लावलं बापा," ते म्हणाले. "पण हात काढल्यावर जे चालते ते मशीन नोहे. तिथं पोरं उभी राह्यतात, पडलेल्या गाड्या उचलाले. उद्या मी चक्कर येऊन पडलो तं ही गाडी कोनाच्या पायात जाईन?" त्यांनी रिमोट तिच्यापुढे धरला. "ट्रिम खाली घे."

तिनं खाली घेतली. ते उठले आणि ट्रॉलीकडे निघाले, रिमोट आज जाणार हे माहीत असलेल्या माणसासारखे, पण पाय जराही न ओढता.

मोना धावतच कवडूभाऊंकडे गेली. काय बोलली ते तिचं तिलाच नीट आठवत नाही. कवडूभाऊंनी ऐकून घेतलं, हातातल्या लाउडस्पीकरकडे पाहिलं, आणि मग तोंडानंच ओरडले, "थांबा थांबा, भोंगा बिघडला. आज दुपट्टा दाखवून सोडीन."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पण ट्रॉलीवरून भोजराज खाली उतरू लागले.

"काय झालं भोंग्याले? दे इकडे."

ही गोष्ट कवडूभाऊंच्या लक्षात आली नव्हती. गावात काही बिघडलं आणि भोजराज तिथे असले, तर त्यांच्या हातात देण्यावाचून इलाज नसतो. "राहू दे ना मामा, मंग पाहू." पण भोजराजांनी तो घेतलाही. मागचं झाकण उघडलं, सेल पाहिले, तारा पाहिल्या, बटणाखालची पत्ती नखानं दाबून पाहिली. सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांनी मान वर केली. कवडूभाऊ आपल्या चपलांकडे पाहत होते. मोना तोंडावर पदर धरून उभी होती.

मोनाला वाटलं, आता ते खरं सांगतील. चालू यंत्राला बिघडलेलं म्हणणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. फॅक्टरीत साहेबांनी सांगूनही जमलं नव्हतं, असं देवकाबाई सांगायच्या. भोजराजांनी हळूच झाकण बसवलं, टिचकी मारून घट्ट केलं, आणि लाउडस्पीकर कवडूभाऊंच्या हातात परत दिला.

"याले टाइम लागन," ते म्हणाले. "दुपट्टाच दाखव आज."

आणि ते ट्रॉलीवर जाऊन उभे राहिले. डाव्या हाताचं बोट थ्रॉटलवर, उजवा हात स्टिअरिंगच्या चाकावर. बांधीत पहिल्या वळणावर मंगेश उभा होता. आधीच्या फेरीत त्यानं मित्राची गाडी चालवली होती, आणि जो एका फेरीत गाडी चालवतो त्यानं पुढच्या फेरीत ट्रॅकवर उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, असा नियम आहे. अशा माणसाला मार्शल म्हणतात. मंगेशची पाठ कवडूभाऊंकडे आणि डोळे बापाच्या हातांवर होते.

कवडूभाऊंनी दुपट्टा वर नेला आणि खाली आपटला.

हात जागेवरून हलले नाहीत. अकरा गाड्या एकदम सुटल्या आणि त्यांच्या बरोबर मधोमध भोजराजांची लाल गाडी होती. पण गर्दीत पहिलं वळण घ्यायचं म्हणजे काय, हे भोजराजांना कधी कळलंच नव्हतं. नेहमी ते पोहोचायचे तोवर गर्दी पांगलेली असायची. आता डावीकडून एक धडकली, उजवीकडून दुसरी, आणि लाल गाडी तणशीच्या भाऱ्यावर चढून पाठीवर पडली. चारी चाकं आभाळाकडे फिरत होती. मग भोजराजांनी बोट काढलं आणि चाकं थांबली.

"आज भोजराज मामा मंडळीसंगं सुटले," कवडूभाऊ ओरडले, "अन् मंडळीसंगंच पडले!"

सगळी बांधी हसली. मोनानं ट्रॉलीकडे पाहिलं. मामाजीही हसत होते, खांदे हलवून, ओसरीवरचा माणूस कधी हसला नव्हता तसे. मंगेश उलट्या गाडीपाशी उभा होता आणि गाडीऐवजी बापाकडेच पाहत होता.

"कायले पाहून राहिला बे?" भोजराज वरून म्हणाले. "रेस चालू हाय ना. उचल."

मंगेशनं वाकून गाडी उचलली, चाकांवर ठेवली, तिचं तोंड वाटेकडे केलं आणि हात काढून घेतला.